बोहारीण ऑनलाइन आहे

संध्याकाळी बरोब्बर सातला ‘ड्रॉप’ असतो. ठाण्यातली, कोथरूडमधली किंवा थेट दिमापूरची कुणी मुलगी आपल्या इन्स्टाग्रामवरच्या ‘थ्रिफ्ट’, म्हणजे जुन्या कपड्यांच्या, दुकानात एकामागून एक पंधरा-वीस फोटो टाकते आणि साडेसाताच्या आत त्यातल्या निम्म्या कपड्यांवर ‘बुक्ड’ अशी पाटी लागते. पांढरी भिंत, लाकडी हँगर, कोपऱ्यात वाळलेल्या गवताचा तुरा आणि हँगरवर एक कॉर्डुरॉयचं जाकीट. खाली मजकूर: ‘प्रीलव्ह्ड. विंटेज. छाती ४०, लांबी २४. डाव्या बाहीवर बारीकसा डाग, लक्षात येत नाही. ६४९ अधिक शिपिंग. आधी पैसे, मग बुकिंग. परत नाही, बदलून नाही.’ तक्रार करायची तर पार्सल फोडतानाचा व्हिडिओ लागतो, तोही मध्ये कुठे न थांबवता काढलेला. पोलिसांच्या पंचनाम्यात एवढी शिस्त असती तर कितीतरी आरोपी सुटले नसते.

हे जाकीट घेणारी मुलगी साधारण बाविशीची असते. आयटीत असते किंवा आयटीच्या वाटेवर असते. आईनं मावसबहिणीचा जवळजवळ कोरा पंजाबी ड्रेस ‘एकदाच घातलाय गं तिनं’ म्हणत पुढे केला की हिच्या कपाळाला आठी पडते. दुसऱ्याचं उतरलेलं मी का म्हणून घालू? प्रश्न रास्त आहे. फक्त तो ड्रेसला विचारला जातो, जाकिटाला नाही. मावसबहीण कोण, तिला घाम किती येतो, हाच ड्रेस घालून तिनं कुणाच्या हळदीला काय प्रताप केले, हे सगळ्या गोतावळ्याला पाठ असतं. जाकिटाचा मूळ मालक मात्र ओहायोत असतो नाहीतर ओसाकात, आणि तो भाऊबीजेला घरी येऊन ‘अय्या, हे माझं ना?’ असं काही म्हणणार नसतो. मराठी मध्यमवर्गाला जुन्या कपड्यांचं वावडं असल्याचा नुसता बोभाटा आहे. वावडं आहे ते ओळखीच्या घामाचं. परका घाम, तोही समुद्रापलीकडचा असेल, तर ६४९ रुपये काय, वर शिपिंगचे शंभरही देता येतात.

नाहीतर जी घरं आज उठता-बसता ‘सस्टेनेबल’ म्हणतात, त्याच घरांत तीस-चाळीस वर्षांपूर्वी थोरल्याची पँट मधल्याला, मधल्याची धाकट्याला, धाकट्यानं गुडघे फोडले की तिची पिशवी आणि पिशवीचे बंद तुटले की तिचं पायपुसणं, हा क्रम बिनबोभाट चालू होता. गणवेश घ्यायचा तो दोन इयत्ता पुढच्या मापाचा. तो अंगाला नीट बसायला लागेपर्यंत विटलेला असायचा. नुकत्या जन्मलेल्या बाळाला गुंडाळायचं ते आजीच्या मऊ पडलेल्या लुगड्याच्या दुपट्यात, म्हणजे जगात आल्या आल्या माणसाच्या अंगाला जे लागायचं तेच मुळी सेकंडहँड. उरल्या लुगड्यांची गोधडी व्हायची. तीच गोधडी आता ‘अपसायकल्ड हँडमेड क्विल्ट’ म्हणून चार आकडी किमतीला मिळते, आणि ती मागवणाऱ्यांच्या माळ्यावर आजीच्या हातच्या पाच गोधड्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीनं, निवांत पडलेल्या असतात.

यातूनही जे उरायचं ते बोहारणीचं.

दुपारी दोनच्या सुमाराला, पुरुष ऑफिसात आणि पोरं शाळेत असताना, जिन्यातून आरोळी यायची. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, पाठीशी कपड्यांचं गाठोडं. बहुतेक जणी वाघरी समाजातल्या, मूळच्या गुजरातच्या. उंबऱ्याशी बसकण मारली की तासाभराची निश्चिंती. पँट हातात आली की ती आधी उजेडाकडे धरून बघायची, मग उलटी करून बसायची जागा चाचपायची, मग चेन दोनदा खालीवर करायची.

‘वहिनी, बूड गेलंय हिचं.’

‘अगं टेरिकॉट आहे. वर्षभरसुद्धा वापरली नाही.’

‘मग वापरा ना अजून.’

वहिनी गप्प. एक शर्ट वर पडायचा, तिकडून एक चमचा पुढे सरकायचा. वहिनींची नजर झाकणाच्या डब्यावर. डब्यासाठी बोहारीण जरीची साडी मागायची, कारण खरी जर जाळली की चांदी निघते हे तिला ठाऊक असायचं, आणि आपल्याला हे ठाऊक नाही असा चेहरा करणं वहिनींना भाग असायचं. डबा वाजवून बघायचा, पालथा घालून बघायचा, त्याची कड बोटानं तपासायची. सौदा तुटायचा, पाटी उचलली जायची, दोन पायऱ्या उतरून परत यायची. अखेर डबा घरात यायचा आणि पाटी डोक्यावर चढवायला वहिनीच हात लावायच्या. तेवढ्यात ‘हा एक परकर टाका वर’ म्हणून आणखी एक कपडा जायचा तो जायचाच. ‘डाग आहे, पण लक्षात येत नाही’ हे वाक्य या बाईला कुणीतरी ऐकवून बघायला हवं होतं.

ते गाठोडं पुढे कुठे जायचं, याची वहिनींना फिकीर नव्हती. घरी नेऊन कपडे धुवायचे, रफू करायचे, बटणं लावायची, इस्त्री फिरवायची आणि उजाडायच्या आत बाजार गाठायचा: मुंबईत कामाठीपुऱ्याच्या बाजूला, दिल्लीत रघुवीर नगरच्या घोडा मंडीत. हमाल, बिगारी, हॉटेलातली पोरं हे गिऱ्हाईक. माल गोळा करणं, प्रतवारी, डागडुजी, किंमत, विक्री, अशी सगळी साखळी या बायकांनी एका रुपयाचं भांडवल न मागता उभी केली होती. कमी होता तो फक्त वाळलेल्या गवताचा तुरा.

हाच उद्योग कॅलिफोर्नियात केला की त्याला ‘प्लॅटफॉर्म’ म्हणतात. आयआयटी कानपूरला शिकलेले मनीष चंद्र यांनी २०११ साली तिथे ‘पॉशमार्क’ काढलं. बायकांनी आपल्या कपाटातले कपडे एकमेकींना विकायचे आणि कंपनीनं मधल्यामध्ये कमिशन घ्यायचं. दक्षिण कोरियाच्या ‘नेव्हर’नं ही कंपनी सुमारे १२० कोटी डॉलरना घेतली. त्याआधी २०२१ साली ‘एट्सी’नं ‘डेपॉप’साठी साडेएकशेबासष्ट कोटी डॉलर मोजले होते. पॉशमार्क त्याच वर्षी भारतातही अवतरलं आणि २०२३ साली गाशा गुंडाळून परत गेलं. निघताना कंपन्या बाजारपेठ, धोरण, प्राधान्यक्रम असं काहीबाही बोलतात. आपल्याकडची बाई जुना कपडा विकत नाही, बदलून घेते, आणि बदल्यात येणारं पातेलं वाजवून घेते, एवढी बारीक गोष्ट त्यांना कुणी सांगितली नसावी. मोबाइलवर पातेलं वाजवता येत नाही.

कपड्यांचं एक वेळ ठीक आहे. उकळत्या पाण्यात घातले की झालं. वापरलेले बूट कसे घालायचे?

चपलेच्या बाबतीत मराठी मन फार हळवं असतं. देवळाबाहेरून चप्पल चोरीला गेली तर ‘पीडा गेली’ म्हणून अनवाणी पण हसतमुखानं घरी येणारे लोक आहेत. काही जण शनीच्या दारात ती मुद्दाम सोडून येतात. म्हणजे वापरलेल्या पादत्राणाबरोबर मूळ मालकाची साडेसातीही येते, असा हिशेब. थ्रिफ्टवाल्यांच्या दोषांच्या यादीत टाचेची झीज असते, सोलला गेलेला तडा असतो, आत उमटलेला अंगठ्याचा ठसा असतो. साडेसातीचा रकाना अजून कुणी ठेवलेला नाही. मुंबईत शुक्रवारी भल्या पहाटे डेढ गल्लीत जुन्या बुटांचा बाजार भरतो, तिथे बॅटरीच्या झोतात तळ तपासून, अंगठ्यानं दाबून सौदे होतात. तोच बूट त्याच दिवशी दुपारी कुणाच्या तरी दुकानात नव्या नाड्या लावून ‘कंडिशन ८/१०’ होतो. ही आठ गुणांची परीक्षा कोण घेतं, पेपर कोण तपासतं, फेरतपासणीची सोय आहे का, यावर सगळीकडे शांतता आहे.

अर्थात पाय कुणाचा होता यावर बरंच काही अवलंबून असतं. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सच्या तपकिरी बर्केनस्टॉक चपला २०२२ साली अमेरिकेत लिलावात निघाल्या. वापरून वापरून तळाच्या बुचात त्याच्या पावलांचे ठसे उमटलेत, हे लिलाववाल्यांनी आवर्जून सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, तर गुण म्हणून. चपला २,१८,७५० डॉलरना गेल्या. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डननं १९९८ च्या अंतिम मालिकेतल्या एका सामन्यात घातलेले बूट २०२३ साली २२ लाख डॉलरच्या घरात गेले. त्या सामन्यात तो भरपूर घामाघूम झाला होता, हीच त्या बुटांची पत.

आपणही मागे नाही. २००९ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला महात्मा गांधींच्या वस्तूंचा लिलाव झाला: चष्मा, खिशातलं घड्याळ, वाटी, ताटली आणि चामडी चपला. आयुष्यभर दारूबंदीचा आग्रह धरलेल्या माणसाच्या या सगळ्या वस्तू, चपलांसकट, १८ लाख डॉलर मोजून घेतल्या त्या दारूच्या कारखान्यांचे मालक विजय मल्ल्या यांनी. पुढे २०१६ साली मल्ल्या देश सोडून गेले, ते अर्थातच स्वतःच्या बुटांत. कपड्यांच्या विभागातला मान मात्र पंतप्रधानांच्या सुटाचा. २०१५ च्या जानेवारीत बराक ओबामांच्या भेटीत घातलेला, अंगभर स्वतःच्याच नावाच्या रेघा विणलेला तो सूट महिन्याभरातच सुरतेत लिलावाला निघाला आणि ४ कोटी ३१ लाखांना एका हिरे व्यापाऱ्याच्या घरी गेला. लिलावातला सर्वांत महाग सूट म्हणून गिनेसनं नोंद केली. पैसे गंगा स्वच्छ करायला गेले. थोडक्यात, भारतातला सर्वांत महागडा सेकंडहँड कपडा हा एकदाच घातलेला होता आणि त्यावर आधीच्या मालकाचं नाव जागोजाग होतं. मावसबहिणीच्या ड्रेसबद्दल वेगळं काय म्हणणं होतं?

ज्यांना दुसऱ्याचा पाय सोसत नाही पण जुनेपणा हवा असतो, त्यांची सोय युरोपनं केली आहे. व्हेनिसजवळ जन्मलेली ‘गोल्डन गूज’ ही कंपनी कोरे करकरीत बूट कारखान्यातच मळवून, घासून, कडा झिजवून विकते; एका जोडाला चाळीस-पन्नास हजार रुपये सहज पडतात. ‘बॅलेन्सियागा’नं २०२२ साली त्यावर कडी केली आणि चिंध्या लोंबणारे, उकिरड्यावरून उचलल्यासारखे दिसणारे १०० जोड १,८५० डॉलरच्या भावानं काढले. आपल्याकडे नवी चप्पल चावते म्हणून पहिले आठ दिवस तेल लावून, कापूस कोंबून, सोसत घालतात. तेवढे आठ दिवस दुसऱ्यानं सोसून दिले की त्याचे पन्नास हजार. या दरानं महाराष्ट्रातली अर्धी जनता फॅशनच्या धंद्यात कित्येक पिढ्या फुकट राबते आहे.

असो. ते कॉर्डुरॉयचं जाकीट नक्की येतं कुठून? विचारलं तर दुकानवाली ‘क्युरेटेड’ म्हणते, आणि विषय संपतो. वापरलेले कपडे भारतात आणायला सरकारी परवाना लागतो, आणि तो वाण्याच्या दुकानात मिळत नाही. कायदेशीर वाटा दोन. कांडल्याला १९६५ पासून असलेल्या निर्यात क्षेत्रात परदेशी कपड्यांच्या गाठी येतात, तिथल्या बायका त्या फोडून प्रतवारी लावतात आणि बराचसा माल परत जहाजावर चढून आफ्रिकेकडे जातो. दुसरी वाट चिंध्यांची: कपडा घालता येऊ नये असा फाडून, कापूनच आणायचा. हे झालं कागदावरचं. कागद आणि दिल्लीचं सरोजिनी नगर यांच्या मधल्या अंतरात काही जाकिटं दोन्ही बाह्या आणि सगळ्या बटणांनिशी सहीसलामत निसटतात. ईशान्येत तर दिमापूर-कोहिमाच्या बाजारांत अशा गाठी कित्येक वर्षं फुटताहेत. डोंगरातल्या थंडीत उबदार कोट परवडतो तो त्यामुळेच. म्हणून २०२० च्या टाळेबंदीत इन्स्टाग्रामवर ही दुकानं पावसाळी छत्र्यांसारखी उगवली तेव्हा तिकडच्या मुली पहिल्या रांगेत होत्या. त्यांना ‘विंटेज’ शिकवायला कुणी लागलं नाही.

चिंध्यांची वाट पानिपतला जाते. १७६१ पासून मराठी माणसाच्या पोटात या नावानं गोळा येतो; तिथल्या कारखान्यांत आता साहेबाच्या लोकरी कोटांचं रोज पानिपत होतं. विळ्यासारख्या पात्यांवर बायका बटणं, चेन, अस्तर उडवतात. लालात लाल, निळ्यात निळं अशा राशी लागतात, म्हणजे नव्यानं रंगवायचा खर्च नको. मग पिंजाई, सूतकताई आणि शेवटी घोंगडी. पूर-भूकंपात वाटल्या जाणाऱ्या स्वस्त ब्लँकेटांना पुष्कळदा हाच मावळलेला ओव्हरकोट ऊब देतो. मेघना गुप्ता यांनी या बायकांवर २०१२ साली ‘अनरॅव्हल’ नावाचा छोटा माहितीपट केला. धडधाकट कपडे लोक टाकून का देतात, याचा तिथल्या बायकांनी लावलेला अंदाज असा, की तिकडे पाणी फार महाग असणार. धुण्यापेक्षा टाकणं परवडत असेल. अंदाज चुकला खरा. पण तीनदा घालून कंटाळा आला, हे खरं कारण त्यांना सांगितलं असतं तर पटलं कुणाला असतं?

आणि पाण्याचा धागा त्यांनी बरोबर पकडला होता. एका सुती टी-शर्टापायी कापसाच्या शेतापासून धरून सुमारे २,७०० लिटर पाणी खर्ची पडतं, असा हिशेब सांगतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून तहानलेल्या लातूरला पहिली पाणीगाडी गेली, तिच्यात साधारण पाच लाख लिटर पाणी होतं. देशभर बातमी झालेली ती अख्खी रेल्वे म्हणजे १८५ टी-शर्ट. थ्रिफ्टवाली म्हणते, एक जुना घ्या आणि तेवढं पाणी वाचवा. वाचतं की, नवा घ्यायचा राहिला तर. प्रत्यक्षात जुना ‘पृथ्वीसाठी’ येतो आणि नवा ‘सेल होता म्हणून’. कपाटाचं दार लागेनासं झालं की मग ‘क्लोझेट क्लिअरन्स’ जाहीर होतो आणि तेच जाकीट, त्याच डागासह, ७४९ ला पुन्हा भिंतीवर टांगलं जातं. डाग अजूनही लक्षात येत नाही.

जे कुणालाच नको असतं ते गरीब देशांना पोचतं. घानाची राजधानी आक्रा इथल्या कान्तामान्तो बाजारात आठवड्याला सुमारे दीड कोटी कपडे उतरतात असं सांगतात. त्यातले कितीतरी गाठ फोडताक्षणी कचरा ठरतात आणि गटारातून समुद्राला मिळतात. रवांडानं यावर उपाय काढून पाहिला. आपले शिंपी आणि गिरण्या जगाव्यात म्हणून त्या देशानं २०१६ साली जुन्या कपड्यांवरचा कर किलोला २० सेंटवरून अडीच डॉलरवर नेला. अमेरिकेतल्या जुने कपडे पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या संघटनेनं तक्रार गुदरली आणि २०१८ साली अमेरिकेनं रवांडाच्या कपड्यांना मिळणारी करमाफी थांबवली. आमचे उतरलेले घालायचे नसतील तर तुमचे नवे आम्ही घेणार नाही, असा साधा सरळ न्याय. बोहारीण इतकी कडक कधीच नव्हती. ती परकरावर मिटवायची.

ती हल्ली दिसत नाही, याला कारणं बरीच आहेत. स्टीलच्या डब्यांचं कुणाला अप्रूप उरलेलं नाही, आणि दुपारी दोनला घरात वहिनीही नसतात. पण सोसायटीच्या फाटकावरची पाटी हेही एक कारण आहे: ‘फेरीवाले, सेल्समन व बोहारीण यांना सक्त मनाई. – आदेशावरून.’ त्याच फाटकातून थ्रिफ्टचं पार्सल घेऊन आलेला पोरगा मोबाइलवरच्या एका टिचकीनं आत जातो. त्याला आत सोडणाऱ्या वॉचमनच्या अंगात चौथ्या मजल्यावरच्या साहेबांनी दिलेला टी-शर्ट असतो. कुठल्याशा कंपनीच्या जुन्या मॅरेथॉनचा, छपाई अर्धी उडालेला, रंग असा विटलेला की इटलीतल्या कारखान्यानं हात टेकावेत. परवा बी विंगमधली मुलगी त्याच्यापुढे थांबली आणि ‘काका, हा फेड कुठे मिळतच नाही, आठशे देते’ म्हणाली. त्यानं साहेबांना विचारून सांगतो म्हटलं. साहेब म्हणताहेत, निम्मे माझे.